डावरीचा हात

मी बॅडमिंटन खेळायचे असं सांगितलं की लोक कौतुकानं मान हलवतात. डबल्स खेळायचे असं पुढं सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. मग दुसरी कुठाय? नांदेडच्या भाजी मार्केटात, बँकेच्या रांगेत, भाचीच्या शाळेच्या गॅदरिंगला, सगळीकडं मला हे विचारून झालंय. मला दर वेळी राग येतो, कारण प्रश्न बरोबर असतो. डबल्सच्या खेळाडूचं एकटीचं असं काही नसतं. रँकिंग जोडीचं, निवड जोडीची, पेपरात फोटो आला तरी दोघींचा मिळून एक. जोडी मोडली की एक कुठंतरी लागते आणि एक उरते. मी उरलेली.

दुसरी लातूरची. डाव्या हातानं खेळायची म्हणून आमचे सर तिला डावरी म्हणत आणि मी जाळीजवळ खेळायची म्हणून मला पुढची. ही नावं आम्हाला इतकी चिकटली की तिची आईसुद्धा फोनवर मला, "पुढचे, जेवलीस का गं?" असं विचारायची. सर रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ते नांदेडच्या रेल्वे कॉलनीतला जुना हॉल उघडायचे, स्वतः झाडून घ्यायचे आणि मग आमच्यावर ओरडायला लागायचे. माझे बाबा रेल्वेत होते, हॉल आमच्या घराच्या मागंच होता. मी त्या हॉलमध्ये गेले ती शाळेतून येऊन अंग मोडत बसण्यापेक्षा बरं म्हणून, आणि तिथून बाहेर आलेच नाही.

लातूर हे क्लासचं गाव. डावरीचे वडील तिथं एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे. दुसऱ्यांच्या पोरांना डॉक्टर करून सोडणाऱ्या माणसाची स्वतःची पोरगी अकरावीला आर्ट्सला गेली, तेव्हा शेजारीपाजारी घरात कुणी वारल्यासारखे भेटून गेले, असं ती हसत हसत सांगायची. तिची आधीची जोडीदारीण बारावीच्या अभ्यासासाठी रॅकेट ठेवून निघून गेली होती. माझी लग्न करून धर्माबादला गेली. अशा दोन उरलेल्यांची सरांनी एका स्पर्धेत जोडी लावली, तीही नावं द्यायची वेळ संपत आली होती म्हणून. पहिल्याच मॅचमध्ये आमच्या रॅकेट एकमेकींवर आपटल्या, तिच्या रॅकेटची तार तुटली, आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं ही आता मला मारते. तिनं विचारलं, "तुला लागलं का?" मी म्हटलं, "न्हाई." ती म्हणाली, "मग मधलं माझं. बोलायचं न्हाई." त्या दिवसापासून मधलं शटल तिचं.

एक आठवडा ती नांदेडला, एक आठवडा मी लातूरला, अशी आमची वर्षं गेली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी लागली की मेसेज टाकायचा, म्हणजे इकडं कुकर चढायचा. तिची आई दर वेळी तूरडाळ बांधून द्यायची. माझी आई दर वेळी म्हणायची, "कामून गं, आमच्या नांदेडात डाळ मिळत न्हाई का?" आणि ठेवून घ्यायची. आई विहारात निघाली की डावरी तिच्या मागं. वैशाख पौर्णिमेच्या खिरीसाठी ती दौरेसुद्धा पुढं-मागं करून बघायची. आईला मी एकटी घरी आलेली आवडेनाशी झाली होती.

आता त्या हॉलबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं. हॉलला टिनाचं छप्पर होतं आणि छपराखाली मधोमध एक लोखंडी गर्डर आडवा गेलेला. शटल जरा उंच गेलं की त्या गर्डरला लागायचं. लागलं तर तो पॉइंट पुन्हा खेळायचा, हा आमच्याकडचा नियम. पण मागच्या खेळाडूला ते कळायचं नाही, कारण गर्डरलाच दिवे टांगलेले होते आणि खालून बघणारीचे डोळे दिपायचे. पुढच्या खेळाडूला तिरकं, स्वच्छ दिसायचं. म्हणून सरांनी सवय लावली होती. शटल उंच उडालं की पुढचीनं मान वळवून वर बघायचं, गर्डरला लागलं तर "लागलं" म्हणून ओरडायचं, नाही तर गुमान पुन्हा जाळीकडं तोंड करायचं. नांदेडात शिकलेल्या प्रत्येक पोरीच्या मानेत हे बसलेलं आहे. बाहेर सगळीकडं डबल्सचा पहिला धडा असतो की पुढच्या खेळाडूनं मागं बघायचं नाही. आमच्याकडं बघायचं असायचं.

त्याच छपरानं आम्हाला खेळही दिला. उंच मारायची सोयच नव्हती, त्यामुळं आम्ही सपाट, जाळीला चाटून जाणारं खेळायला शिकलो. मोठ्या शहरातल्या पोरी निवांत उंच शटल उडवून जागेवर जायच्या, त्यांना आमच्याशी खेळताना श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही. त्यात डावरीचा स्मॅश. तो डाव्या हातातून यायचा, त्यामुळं कुठून येतोय हे समोरच्यांना उशिरा कळायचं. माझ्या कानाशेजारून तो जाताना जो आवाज यायचा, त्यावरून मला शटल कुठं पडणार हे न बघता कळायचं. मी पुढं उभी राहून फक्त उरलंसुरलं संपवायचे. लोक म्हणायचे पुढची चपळ आहे. चपळ कसली, मागून एवढा मार पडल्यावर समोरून जे यायचं ते भिजलेल्या फटाक्यासारखं यायचं. पण मला त्या जागेचा फार गर्व होता, हे खरं.

हळूहळू राज्यात आमचं नाव झालं, मग देशातल्या स्पर्धांत आम्ही शेवटच्या आठात, शेवटच्या चारात यायला लागलो. दोन छोट्या गावांची नावं एका ओळीत बघून सूत्रसंचालक ती दर वेळी चुकीची वाचायचा. मग दक्षिणेतल्या एका शहरात ती सेमीफायनल आली. जिंकणाऱ्या जोडीला राष्ट्रीय शिबिरात बोलावणार असं सगळे उघड बोलत होते. शिबिर म्हणजे परदेशातल्या स्पर्धा, चांगले कोच, आणि डावरीच्या वडलांचं तोंड एकदाचं बंद. सर रजा टाकून आले होते आणि खुर्चीवर न बसता जिन्यात उभे होते.

तो हॉल आमच्या सगळ्या हॉलपेक्षा उंच होता. तसल्या हॉलमध्ये आम्ही खूप वेळा खेळलो होतो आणि तिथं मागं बघायचं नाही हे मला पाठ होतं. पण तिसरा गेम लांबला, पायांत गोळे आले, आणि दमलेल्या अंगाला घरचंच आठवतं. समोरच्या पोरीनं शटल लांब, उंच उडवलं आणि माझी मान वळली. मी गर्डर शोधत होते. तिथं गर्डर नव्हता. नुसतं उंचच उंच काळं छप्पर होतं आणि माझी नजर थांबायला जागा मिळेना, म्हणून ती शोधत राहिली. आमच्या हॉलमध्ये मी तोवर पुन्हा पुढं बघितलं असतं. इथं मी अजून मागंच बघत होते तेव्हा डावरीचा हात खाली आला.

शटल माझ्या उजव्या डोळ्यात बसलं. दुखलं नाही आधी. फक्त एका बाजूनं सगळं लाल झालं आणि मला वाटलं की हॉलमधले त्या बाजूचे दिवे गेले. मी डावरीला म्हटलं, "लाइट गेली का गं?" तिचं तोंड मला अर्धंच दिसत होतं, ते मी विसरू शकत नाही.

डोळ्याच्या आत रक्त साठलं होतं. तिथल्या दवाखान्यात मला उशा लावून अर्धं बसवून झोपवलं आणि हलायचं नाही असं सांगितलं. सर दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये फोनवर माझ्या बाबांशी खोटं बोलत होते, किरकोळ आहे म्हणून. डावरी दाराबाहेर बाकावर बसून होती. आत आली नाही. नर्सनं तिला दोनदा आत यायला सांगितलं तर ती उठून जिन्याकडं गेली आणि परत येऊन बाकावरच बसली. मी आतून हाका मारल्या. शेवटी मी रागानं म्हटलं, "आत ये न्हाई तर उठते मी." तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली आणि भिंतीकडं बघत उभी राहिली.

नांदेडला आल्यावर मी खिडक्यांना चादरी लावलेल्या खोलीत पडून राहिले. मला तेव्हा वाटणारी भीती मी कुणाला नीट सांगितली नाही, आता सांगते. आंधळं होण्याची भीती कमी होती. जोडी जाईल याची जास्त होती. मी पडल्या पडल्या बंद डोळ्यापुढं मॅच खेळायचे, आणि मॅचमध्येसुद्धा ती मागं नसायची. आई कपाळावर हात ठेवून विचारायची, "दुखून राहिलं का?" मी हाव, दुखतंय म्हणायचे, म्हणजे रडायला कारण मिळायचं.

आणि डोळा बरा झाला. सावकाश झाला, पण झाला. रक्त ओसरलं, धूसर दिसायचं ते स्पष्ट व्हायला लागलं. बाहुली मात्र मोठीच राहिली, त्यामुळं वर दिव्याकडं बघितलं की सगळं पांढरं होतं. सरळ आणि खाली बघताना काही अडचण नाही. डॉक्टरांनी खूप तपासण्या करून सांगितलं, पुढं जाळीजवळ खेळणार असाल तर खेळा, पण संरक्षक चष्मा लावा आणि कृपा करून मागं बघू नका. मी दवाखान्यातून निघून रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला उगीचच सांगितलं की माझा डोळा बरा झाला. तो म्हणाला, "मुबारक हो ताई." मी लगेच डावरीला फोन लावला. ती म्हणाली, "उद्याच्या गाडीनं येते."

पहिल्या दिवशी तिनं एकही स्मॅश मारला नाही. मला वाटलं सवय मोडली असेल. उंच, हातात येणारं शटल असायचं, तिचा हात नेहमीसारखा वर जायचा, आणि मग वरच ढिला पडायचा. शटल मऊ होऊन जाळीपलीकडं टुपकन पडायचं. सर म्हणाले, हळूहळू येईल. आठवडा गेला, ती लातूरला गेली, मी तिच्या मागं लातूरला गेले. तिथंही तेच. मी एकदा विचारलं, "मारून का न्हाई राहिली?" ती म्हणाली, "मारायलेच की." मारत नव्हती.

मग आम्ही काय काय केलं ते आठवलं की मला आधी हसूच येतं. सरांनी कुठूनतरी क्रिकेटचं हेल्मेट आणलं. ते घालून मी जाळीजवळ उभी राहिले. डावरीला मला बघून इतकं हसू आलं की ती खाली बसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. हेल्मेट घालूनही हात आला नाही. मग आम्ही जागा बदलून बघितल्या, ती पुढं आणि मी मागं. पण मागून मारायचं म्हणजे वर बघायचं, आणि वर दिवे. मला शटल दिसायचंच नाही. ज्या बाईला मारता येत होतं तिचा हात उठत नव्हता आणि जिचा हात उठत होता तिला दिसत नव्हतं. सर बाकावर डोकं धरून बसायचे.

एका संध्याकाळी आई हॉलवर आली. आई कधी हॉलवर यायची नाही, तिला चपलांचा ढीग ओलांडून आत येणं कसंतरीच वाटायचं. ती कोर्टाच्या कडेला पदर खोचून उभी राहिली आणि डावरीला म्हणाली, "लेकी, मी तुला कधी काई म्हणलं का?"

"न्हाई, मावशी."

"मग मार. मीच सांगून राहिले तुला. ती माझी पोरगी हाय, मार."

डावरीनं शटल वर उडवून घेतलं. हात वर गेला. शटल तिच्या रॅकेटच्या बाजूनं खाली पडलं, तिनं ते मारायचासुद्धा प्रयत्न केला नाही. ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली, आणि आई तिची पाठ थोपटत माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं, असं मला वाटलं, आणि मला आईचासुद्धा राग आला.

स्पर्धा तर थांबत नाहीत. आम्ही खेळायला जात राहिलो आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरत राहिलो. बाकीच्या जोड्यांना कळायला वेळ लागला नाही. डावरीकडं उंच शटल द्या, ती मारत नाही. ज्या पोरी पूर्वी तिच्याकडं उंच द्यायला घाबरायच्या त्या आता हसत हसत द्यायच्या. रँकिंग खाली आलं, शिबिराचं बोलणं बंद झालं. मी पुढं उभी राहून मागचा आवाज ऐकायचा प्रयत्न करायचे आणि मागून नुसती टुपकन टुपकन. माझं डोकं फिरायचं. मी देवधर्म मानत नाही, पण त्या दिवसांत मी कोर्टावर जाताना मनातल्या मनात कुणाची तरी विनवणी करायचे, एकदा मारू दे तिला, एकदाच.

लातूरच्या हॉलवर एक दिवस माझं तोंड सुटलं. भोवती पंधरा-वीस माणसं होती. मी जाळीजवळून वळून ओरडले, "मार की गं. एक फुटला तर फुटला, दुसरा हाय ना अजून." तिनं रॅकेट बॅगेत घातली, चेन लावली, पायऱ्या उतरून स्कूटीवर बसली आणि गेली. मी तिच्याच घरी उतरलेले होते. त्या दिवशी मी स्टँडवरून नांदेडची गाडी पकडली आणि लोह्यापर्यंत खिडकीला डोकं लावून रडत आले. शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांना बाहेरून फोन आला. शिबिरातल्या एका चांगल्या पोरीची जोडीदारीण गुडघ्यानं बाद झाली होती आणि त्यांना डावखुरी हवी होती. डावरीला विचारलं तर तिनं सांगितलं, माझी जोडी आहे. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते, हॉलच्या कुलपाशी खटपट करत होते. मी खुश झाले. खरं सांगायचं तर फार खुश झाले. ती माझ्यासाठी थांबली होती. मी ठरवलं की न सांगता लातूरला जायचं, तिच्या पाया पडायचं, पण यातून वाट काढायची. बाकी कुणी नाही, आपण दोघीच.

मी हॉलवर पोहोचले तेव्हा दुपार होती. आत कुणीतरी खेळत होतं. मी वरच्या गॅलरीच्या जिन्यात होते आणि मला तो आवाज आला. मी तो कुठंही ओळखला असता. मी कठड्याला धरून खाली बघितलं. डावरी मागं होती, तिच्यापुढं जाळीजवळ कॉलेजातली कुणी पोरगी होती आणि डावरी मारत होती. एकामागून एक, पूर्ण ताकदीनं, त्या पोरीच्या कानाशेजारून. पोरगी मान न वळवता, मजेत उभी होती. डावरीच्या तोंडावर घाम होता आणि ती हसत होती. किती महिन्यांनी मी तिला हसताना बघत होते.

मला आधी जो आला तो संताप होता. हात तर जिवंत होता. माझ्यापुरताच मेला होता. मला वाटलं खाली जाऊन तिच्या कानाखाली काढावी. मग तिनं वर बघितलं, मी दिसले, आणि तिचा वर गेलेला हात तसाच ढिला पडला. शटल जाळीत गेलं. ती कॉलेजची पोरगी म्हणाली, "काय झालं, ताई?"

आम्ही हॉलच्या बाहेर पायरीवर बसलो. समोरच्या टपरीवरून तिनं चहा आणला. मी काही विचारायच्या आत तीच बोलली.

"तुला वाटत असंल मी मुद्दाम करून राहिले."

"मला काई वाटून न्हाई राहिलं."

"तू पुढं असलीस की मला तुझं तोंडच दिसतं गं. वळलेलं. पाठ असली तरी तोंडच दिसतं. मी काय करू? लई करून बघितलं. डोळे मिटून बी मारून बघितलं एकदा, तुला सांगितलं न्हाई."

"त्या शिबिरवाल्यांना न्हाई कामून म्हणलीस?"

"तुला सोडून?" ती म्हणाली. "तुझा डोळा मी घालवला, अन् आता तुला बी सोडून जाऊ?"

तेव्हा मला समजलं की ती कधीच जाणार नाही. माझा डोळा चांगला असेपर्यंत ती माझ्या मागं उभी राहील आणि मारणार नाही, आम्ही हरत राहू, आणि एक दिवस दोघीही संपू. मी त्यासाठी तयार होते, हे आधी सांगते. चहाचा कप हातात असताना मी तयार होते. मग टपरीवाल्यानं रेडिओ लावला, ती सवयीनं डाव्या हातानं पायरीवर ठेका धरायला लागली, आणि मी त्या हाताकडं बघत बोलून गेले.

"मी तेच सांगायला आले. डॉक्टरनं खेळायचं बंद करायला सांगितलंय. आतून पडदा खराब होऊन राहिला. उजवीकडचं दिसणं कमी होत चाललंय माझं."

ठेका थांबला. ती म्हणाली, "कधी?"

"मागच्या आठवड्यात."

"मी येते तुझ्यासंग. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. हैदराबादला जाऊ."

"सगळं दाखवून झालं. बेजार नको करूस मला. तू त्यांना हाव म्हणून टाक."

ती रडली, खूप रडली, माझा हात धरून. पण रडताना तिचे खांदे खाली आले, महिनोन्‌महिने कानापर्यंत चढलेले तिचे खांदे, हे मला उजव्या डोळ्यानं स्वच्छ दिसलं. मला तिचा राग आला, दया आली, आणि अख्खं लातूर पेटवून द्यावंसं वाटलं. मी चहा संपवला. तिनं मला स्टँडवर सोडलं.

ती शिबिरात गेली. तिचं आता चांगलं चाललंय, परदेशी सामने मोबाइलवर दिसतात, तिच्या वडलांनी क्लासच्या नोटीस बोर्डावर तिचं कात्रण लावलंय असं ऐकते. मी खेळत नाही. खेळू शकत नाही असं नाही, पण माझं नाव एखाद्या तालुक्याच्या स्पर्धेत जरी दिसलं तरी तिला कळेल, आणि कळलं की ती परत येईल, तो ढिला हात घेऊन. सरांना डॉक्टरांचं खरं मत माहीत होतं. त्यांनी मला दोन-तीन नव्या जोडीदारणी शोधून आणल्या. मी नाही म्हटलं. "डोळा तर चांगला हाय की तुझा," ते म्हणाले, "कामून वाया घालवून राहिली स्वतःला?" मी एवढंच म्हटलं, डोळ्याचं डावरीपाशी काढू नका. ते माझ्याशी अजून सरळ बोलत नाहीत. आई एकदाच म्हणाली, "तुला दिसून राहिलं, न्हाई का?" आणि उत्तराची वाट न बघता कुकर उतरवायला गेली.

मी आता त्याच हॉलवर लहान पोरींना शिकवते. संध्याकाळी पोरी गेल्या की कधी कधी एकटीच भिंतीवर शटल मारत बसते. जाळीजवळचा माझा हात अजून तितकाच जलद आहे. कदाचित जास्त. हे कुणाला दाखवता येत नाही, याचा त्रास मला वाटलं होतं कमी होईल. तो कमी होत नाही. सकाळी उठल्यावर पहिला तोच असतो.

डावरी सुट्टीत येते. ती आली की मी रिक्षातून उतरताना उजवीकडं जरा चाचपडते, रस्ता ओलांडताना तिला उजव्या बाजूला घेते. ती माझा दंड धरते. मला ते असह्य होतं आणि आवडतंही.

मागच्या महिन्यात ती आली होती तेव्हा आम्ही हॉलच्या बाकावर बसलो होतो, ती माझ्या उजवीकडं. पोरींसाठी तिनं बॅग भरून सामान आणलं होतं आणि ते काढता काढता ती कुठल्यातरी विमानतळावरची गंमत सांगत होती. माझ्यासाठी आणलेल्या ग्रिपचं पाकीट तिच्या हाताला लागलं. आम्ही इतकी वर्षं एकमेकींकडं वस्तू अशाच फेकत आलो. तिनं न बघता, बोलता बोलता, "हे घे," म्हणून ते माझ्याकडं उडवलं.

ते सावकाश आलं. पिवळं पाकीट, त्याचा फाटलेला कोपरा, मला सगळं दिसलं. माझा हात उठायला निघाला होता. मी तो मांडीखाली दाबून धरला आणि समोर बघत बसले. पाकीट माझ्या गालाला लागून खाली पडलं.

तिचं बोलणं मधेच तुटलं. ती वाकली, पाकीट उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटली.

"माफ कर गं," ती म्हणाली, "इसरलेच मी."

"असू दे," मी म्हटलं. "मला दिसलंच न्हाई."